उशिरा आलेली रांग

आमच्या सोसायटीत मला 'सरकार' म्हणतात. थट्टेनं म्हणतात की मनापासून, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. मी जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे सांभाळते. म्हणजे कुणाचा प्लॉट कुठं संपतो आणि शेजाऱ्याचा कुठं सुरू होतो, एवढंच माझं राज्य. पण बडोद्यात गोत्रीतल्या आमच्या चार मजली बिल्डिंगीत रस्त्यावरचा दिवा गेला तरी माझ्याकडे येतात, कचऱ्याची गाडी आली नाही तरी माझ्याकडे येतात. एका पावसाळ्यात मागच्या रिकाम्या प्लॉटमध्ये मगर येऊन बसली होती, तेव्हासुद्धा पहिली बेल आमच्याच घरची वाजली.

"बेन, तमे तो सरकारमां छो ने?"

मगर आणि जमीनमोजणी यांचा काय संबंध, असं मी चिडून विचारलं. सेक्रेटरीकाका शांतपणे म्हणाले, "प्लॉट तो सरकारी छे." मी जंगलखात्याला फोन लावला.

पाण्याचं प्रकरण सुरू झालं तेव्हाही तसंच झालं. सकाळी नळ सोडला की आधी गटाराचा वास यायचा, मग पिवळट पाणी. उकळलं तरी वास जात नव्हता. प्यायला आम्ही बाहेरून जार मागवायला लागलो, वापरायला टँकर. टँकर आला की बिल्डिंगभर बादल्यांची पळापळ. तक्रार केल्यावर पाणीखात्याचा माणूस येऊन बघून गेला आणि म्हणाला, बाहेरची लाइन साफ आहे, तुमची जमिनीखालची टाकी फुटली असेल. सोसायटीचं म्हणणं, टाकी चांगली आहे, लाइनच सडलेली आहे. टाकी शेवटची कधी साफ केली होती, असं मी एकदा सभेत विचारलं. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले आणि मग माझ्याकडे बघायला लागले. "जुओ, सरकारनी भाषा," कुणीतरी मागून म्हणालं. मी त्यानंतर टाकीचं नाव काढलं नाही. खरं काय ते मला आजही ठाऊक नाही. लाइन खोदून बघितली नाही आणि टाकीत उतरून बघितलं नाही, मग कळणार कसं?

अशात निवडणूक जाहीर झाली.

सभा खाली पार्किंगमध्ये भरली. सेक्रेटरीकाकांनी ठराव मांडला की यंदा सोसायटीतून एकही मत जाणार नाही. फाटकावर बॅनर लागेल, पाणी नहीं तो मत नहीं. सगळ्यांचे हात वर गेले. माझाही गेला, अर्धा. म्हणजे कोपरापर्यंत. माझ्या नवऱ्यानं हात वर केला आणि त्याच हातानं मोबाइल कानाला लावून बाहेर निघून गेला. तो मकरपुऱ्यात कारखान्यात आहे, कंपनीची बस वेळेवर येण्यापलीकडे त्याचं जगाकडे काही मागणं नाही.

एकच हात खाली राहिला. माझ्या सासऱ्यांचा.

बाबा रेल्वेत गार्ड होते, मालगाडीवर. भुसावळकडून तरुणपणी बडोद्याला बदलून आले ते इथलेच झाले. आयुष्य शेवटच्या डब्यात गेलं, असं ते स्वतःच सांगतात. गाडीच्या पुढं काय चाललंय ते ड्रायव्हर बघतो, मागं काय सुटलंय ते गार्ड बघतो. मतदानाच्या बाबतीत त्यांचं डोकं अगदी सरळ होतं. ड्यूटी असेल तर बदलून घ्यायची, ताप असेल तर गोळी घ्यायची, पण मत द्यायचंच. एकदाही चुकवलेलं नाही, हे ते इतक्या वेळा सांगत की आम्ही ऐकेनासे झालो होतो. आता मात्र ऐकावं लागलं.

"बाबा, या वेळी राहू द्या ना," त्या दिवशी जेवताना मी म्हटलं. "सगळी सोसायटी एकीकडे आणि आपण एकीकडे, बराबर दिसणार नाही."

"नोकरीत असताना तू 'पगार नाही पुरत' म्हणून कचेरी बंद ठेवतेस का?"

"ती नोकरी आहे. मत म्हणजे काही नोकरी नाही. द्यायचं तर द्यायचं, नाही तर नाही."

"मग तुमच्या साहेबानं तुम्हाला शपथ कशाला दिली?"

हे मात्र खरं होतं. त्याच आठवड्यात कचेरीत आम्हाला उभं करून शपथ दिली होती, मी मत देईन आणि घरच्यांना द्यायला लावीन. ती शपथ मी बाबांना हसत हसत वाचून दाखवली होती. आता तीच माझ्या ताटात येऊन पडली.

आणि गोष्ट नुसती मताची नव्हती. आम्ही दोघं कामावर गेलो की बाबा एकटे. दुपारचा चहा सेक्रेटरीकाकांकडे, मग पत्ते. मागच्या उन्हाळ्यात बाबांची साखर एकदम उतरली तेव्हा काकींनीच त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं, मी पोचले तेव्हा त्या त्यांच्या उशाशी बसून पंख्यानं वारा घालत होत्या. त्या घराशी वाकडं आलं तर बाबांची दुपार गेली. आणि मत दिलं नाही तर बाबांचं काय जाईल, ते मला नीट सांगता येत नव्हतं. पण त्यांचा चेहरा बघून काहीतरी मोठंच जाईल असं वाटत होतं. सोसायटीतून एकच मत पडलं असतं तर ते कुणाचं हे शोधायला कुणाला फार डोकं चालवावं लागलं नसतं. सगळ्यांना वाटलं असतं, सरकारनं सासऱ्याला पाठवलं.

त्यात साहेबांनी मला बोलावलं. आमच्या बॅनरचा फोटो कुठून कुठून फिरत त्यांच्या मोबाइलवर आला होता. "तुमचीच सोसायटी ना? मग समजवा जरा लोकांना. तुमचं ऐकतील." माझं! मी हसले, साहेबांना वाटलं होकार दिला.

रविवारी मी माझ्याच पार्किंगमध्ये सरकार म्हणून बसले. प्लॅस्टिकची खुर्ची मला एकटीला दिली, बाकीचे उभे राहिले. काल याच लोकांबरोबर मी टँकरच्या पाइपाखाली बादली धरून भांडत होते. काकींनी ट्रेमधून एक ग्लास आणला, नळाचं पाणी. "पहेलां पाणी पियो, पछी वात करो." म्हणजे आधी प्या, मग बोला. सगळे बघत होते. मला राग आला, मी ग्लास उचलला.

"अहो काकी, माझ्याही नळाला हेच येतं! मला काय दाखवता?"

"तमने नथी देखाडता," काकी म्हणाल्या. "सरकारने देखाडीए छीए." मला नाही, सरकारला दाखवत होत्या.

मी त्या ग्लासाकडे बघत बसले. मतदान पवित्र आहे वगैरे जे पाठ करून आले होते, ते त्या वासापुढं तोंडातून निघेना. आणि खरं सांगायचं तर मला आणखी एक अडचण होती. मला निवडणुकीचं काम लागलं होतं आणि असं काम लागलेल्यांना मत आधीच देता येतं. प्रशिक्षणाच्या दिवशीच मी माझं मत कागदावर देऊन, पाकिटात घालून मोकळी झाले होते. म्हणजे बहिष्काराच्या बाजूनं हात अर्धा वर, मत आधीच दिलेलं आणि आता बहिष्कार सोडा म्हणून सांगायला आलेली. तीन डगरींवर पाय ठेवणारी बाई मी पहिलीच असेन. ग्लास ट्रेमध्ये ठेवला आणि वर निघून आले. साहेबांना कळवलं, प्रयत्न चालू आहेत.

मला काम लागलं होतं शहराबाहेर कोयलीकडच्या एका शाळेत, बोटाला शाई लावण्याचं. त्यासाठी एक पुस्तिका दिली होती. बाबांना अशी पुस्तिका दिसली की राहवत नाही. रेल्वेत त्यांना नियमांच्या परीक्षा द्याव्या लागत, ती खोड गेली नाही. रोज संध्याकाळी चष्मा लावून ते मला प्रश्न विचारायचे आणि मी भाजी निवडत उत्तरं द्यायची.

"मतदाराच्या बोटाला आधीच तेल लावलेलं असेल तर?"

"पुसायचं आणि मग शाई लावायची."

"मतदानाची वेळ संपली आणि रांग शिल्लक असली तर?"

"फाटक बंद करायचं. आत जेवढे उभे असतील त्यांना सहीच्या चिठ्ठ्या द्यायच्या, मागून पुढं. सगळ्यात शेवटच्याला एक नंबर, म्हणजे त्याच्यामागं कुणी घुसू शकत नाही. आणि त्या सगळ्यांचं मत झाल्याशिवाय उठायचं नाही."

"कितीही उशीर झाला तरी?"

"कितीही."

बाबांनी चष्मा काढला. ते ओळखीचं बघणं होतं, पत्त्यांत हुकूम हाती आल्यावरचं.

"आमच्याकडे एकदा संप करायचा होता," ते म्हणाले. "पण संप केला तर नोकरी जायची भीती. मग सगळ्यांनी ठरवलं, नियमानं काम करायचं. पुस्तकात जेवढं लिहिलंय तेवढं सगळं. प्रत्येक डब्याचा ब्रेक तपासायचा, प्रत्येक कडी तपासायची, प्रत्येक सही घ्यायची. कुणी एक नियम मोडला नाही आणि एक गाडी वेळेवर सुटली नाही. साहेब लोक हात जोडून आले."

दुसऱ्या दुपारी चहा झाल्यावर बाबांनी सेक्रेटरीकाकांना हे सांगितलं. घरी बसून राग दाखवला तर तो कुणाला दिसणार? उलट मत पडलं नाही की त्यांची कटकटच कमी. त्यापेक्षा सगळ्या सोसायटीनं जायचं, पण वेळ संपता संपता. एकदम. फाटक बंद व्हायच्या आत रांगेत उभं राहायचं आणि मग प्रत्येकानं हळूहळू, नियमानं मत द्यायचं. सरकारी माणसं आवराआवर करायला बसतील तेव्हा समोर रांग. बसा म्हणावं.

काकांनी बाबांच्या पाठीवर थाप मारली म्हणे. "दादा, तमे तो जबरा नीकळ्या!" बॅनर उतरला. रात्रीच्या जेवणाला काकींकडून हांडवो आला, डाळतांदळाचा तो तिखट, खरपूस भाजलेला केक. बाबांचं मत वाचलं होतं आणि दुपारही वाचली होती. मी खूश व्हायला हवं होतं. शपथ पाळली गेली होती, साहेबही खूश होते, त्यांनी मला सगळ्यांसमोर शाबासकी दिली.

पण मला झोप लागेना. "बाबा," मी सकाळी विचारलं, "तिथं माझ्यासारखीच कुणीतरी बसलेली असेल ना? तिनं काय केलंय?"

"काही नाही केलं."

"मग तिला का त्रास?"

बाबांनी चहात बिस्कीट बुडवलं. बिस्कीट तुटून कपात पडलं. "गाडीला उशीर झाला की लोक गार्डालाच शिव्या देतात," ते म्हणाले. "इंजिनापर्यंत कोण चालत जातो?"

"पण तुम्हाला त्या शिव्या आवडायच्या का?"

ते कप घेऊन मोरीकडे गेले. मी पुढं विचारलं नाही, कारण त्यांनी 'मग नाही जात' म्हटलं असतं तर मला काय हवं होतं हे मलाच ठाऊक नव्हतं. आदल्या आठवड्यात काकींसमोर मला पाण्यासाठी कुणाचं तरी मानगूट धरावंसं वाटत होतं. आता ज्या बाईचं मानगूट हाताशी येणार होतं ती माझ्यासारखीच असणार, हे कळल्यावर राग कुठं ठेवावा ते समजेना.

मतदानाच्या दिवशी मी अंधारातच कोयलीला पोचले. शाळेचा वर्ग, बाकं भिंतीला सरकवलेली, फळ्यावर अर्धवट पुसलेली बाराखडी. मागं बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप होतं आणि किल्ली कुणाकडे हे शिपायालाही माहीत नव्हतं. म्हणून मी घरून आणलेल्या बाटलीला हातच लावला नाही. सकाळी थोडी गर्दी झाली. नंतर दुपारभर उन्हात कुत्रं बसावं तसे आम्ही बसलो होतो. वर्ग रिकामा. सुट्टी दिलेली, तरी माणूस नाही. माझं डोकं तापायला लागलं. आम्ही इथं पहाटेपासून ताटकळतोय, आमच्यासाठी नाही, यांच्यासाठी, आणि यांना घरातून चार पावलं टाकवत नाहीत! मतदाराला विचारणारं कुणी नाही. मी एक दिवस कचेरीत गेले नाही तर नोटीस येते. याला कोण नोटीस देणार? त्या दुपारी मी पक्की सरकार झाले होते.

आणि वेळ संपायला आली असताना ते आले. रिफायनरीच्या बाजूची कॉन्ट्रॅक्टवरची माणसं, अंगावर निळे कपडे, तेलाचा वास. आम्ही कागद आवरायला घेतले होते. माझं डोकं ठणकत होतं, जीभ टाळूला चिकटली होती. फाटक बंद झालं, मागून पुढं चिठ्ठ्या वाटल्या गेल्या आणि पुन्हा सगळं मांडून आम्ही बसलो. पहिला माणूस माझ्यासमोर आला, केस पांढरे, बोटांना काळं ग्रीस. शाई लावायला ते आधी पुसावं लागणार होतं. माझा तोल गेला आणि दिवसभर काय करत होतात, असं मी विचारलंच.

"काका, आखो दिवस शुं करता हता?"

तो ओशाळला नाही, चिडलाही नाही. "नोकरी करतो हतो, बेन," तो म्हणाला. "तमारी जेम." तुमच्यासारखीच.

मी त्याचं बोट फडक्यानं पुसलं. ग्रीस निघता निघत नव्हतं. मागची माणसं भिंतीला टेकून उभी होती, एक जण उभ्याउभ्याच डुलक्या घेत होता. नंतर मी कुणालाच काही विचारलं नाही. लावत गेले शाई.

दुसऱ्या दिवशी उशिरा जाग आली. बाबा टेबलाशी पेपर घेऊन बसले होते, पण पेपर उघडलेला नव्हता. नळ सोडून बघितला, तोच वास. जारच्या पाण्याचा चहा ठेवला आणि विचारलं, "काय, झाली का तुमची मालगाडी लेट?"

झाली होती. सगळी सोसायटी गेली होती, काकी नवी साडी नेसून गेल्या होत्या. फाटक लागायच्या जरा आधी सगळे आत शिरले. म्हाताऱ्या माणसांना पुढं घेतात, तसं बाबांनाही पोलिसानं पुढं बोलावलं. ते गेले नाहीत. गार्डाची जागा शेवटी, म्हणाले. म्हणून एक नंबरची चिठ्ठी त्यांना मिळाली. ती त्यांना ठेवून घ्यायची होती, पण आत परत घेतली, याचं त्यांना वाईट वाटत होतं. रांग फार हळू सरकली. कुणी ओळखपत्रच शोधत राहिलं, कुणी प्रत्येक नाव मोठ्यानं वाचायला लागलं, त्याला आतल्या साहेबानं दटावलं. काका मागं वळून वळून बाबांना डोळा मारत होते.

"मग? मजा आली?"

बाबांनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

"शाई लावायला कोण होतं?"

"होती एक. तुझ्याएवढीच. कुठल्या शाळेत शिकवते म्हणे."

"बोलली का काही?"

बाबांनी पेपरची घडी आणखी बारीक केली. "बोलली. 'दादा, आखो दिवस शुं करता हता?' असं विचारलं."

चहा उतू जायला आला होता, मी गॅस बंद केला. माझ्या बूथवर मी काय बोलले ते मी त्यांना सांगितलेलं नव्हतं.

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"ठरवूनच गेलो होतो ना मी. म्हटलं, पाणी भरतो हतो, बेन." त्यांनी पेपर बाजूला सारला. "मला वाटलं, चिडेल. साहेबाला हाक मारेल. मग मी सांगणार होतो सगळं, टाकीचं, लाइनचं, वासाचं. ती माझं बोट धरून बसली नुसती. म्हणाली, 'दादा, हुं सवारथी पाणी पीधा वगर बेठी छुं.' सकाळपासून पाण्याचा थेंब नाही. मग मला पुढचं सुचलंच नाही."

त्यांनी डावा हात टेबलावर ठेवला. शाईची रेघ नखावरून बाहेर वाकडी गेली होती.

"मत दिलंत ना पण?"

"दिलं. कुणाला दिलं ते आत्ता विचारशील तर आठवणार नाही." ते माझ्याकडे बघायला लागले. "तू तरी काल पाणी प्यायली होतीस का?"

"नाही," मी म्हटलं.

बाबा उठले, जारमधून ग्लासभर पाणी ओतून आणलं आणि माझ्यासमोर ठेवलं.